कमरेएवढ्या पाण्यातली ५० मिनिटं : हॅवलॉकची पहिली स्कूबा डाइव्ह

दर आधी सांगते, कारण परत आल्यापासून फोनवर प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला. अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर स्कूबा डाइव्ह, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं, मला माणशी ५,५०० रुपयांना पडली. त्यात सगळं साहित्य, एका माणसामागे एक प्रशिक्षक, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरून करायची डाइव्ह आणि पाण्याखालचे फोटो. बोटीने लांब नेऊन करायची डाइव्ह याहून महाग पडते. पहिल्यांदा उतरणाऱ्याने तिच्यावर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते पुढे येईलच.

मी परळच्या एका मोठ्या रुग्णालयात ३१ वर्षं सिस्टर होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. राहायला लालबागला, गाव देवगडकडचं. समुद्राकाठची असून पोहता मात्र येत नाही. आमच्याकडे ओहोटीला बायका खाडीत तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं काढायला उतरायच्या, पण पाणी गुडघ्याला लागलं की मागे वळायच्या. पोहायचं ते पोरांनी आणि पुरुषांनी. माझी आजी अंदमान हा शब्दच उच्चारायची नाही, 'काळं पाणी' म्हणायची. मी तिथे हौसेने पाण्यात उतरायला चालले आहे हे तिला सांगता आलं असतं तर तिने काय केलं असतं, हा विचार विमानात बराच वेळ मनात होता.

तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका किनाऱ्यावर मी हा प्रकार एकदा केला होता. बोटीवर आम्ही दहाएक जण. पाच मिनिटं सूचना, त्याही इंजिनाच्या आवाजात. मग तोंडात नळी दिली, शिडीवरून उतरवलं आणि एकाने मागून सिलिंडरला धरून मला खाली नेलं. दोन-तीन मीटरवर उजव्या कानात सुई खुपसल्यासारखी कळ आली. मी हात हलवून नको नको म्हणत होते, त्याला वाटलं मी कॅमेऱ्याकडे बघून हात करतेय. तो व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यात मास्कच्या काचेआडून माझे डोळे दिसतात. तसे डोळे मी वॉर्डात खूप वेळा पाहिले आहेत. नंतर नऊ दिवस त्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं.

तरी पुन्हा गेले, कारण त्या दोन मिनिटांतसुद्धा खाली एक निळाशार मासा माझ्या हाताजवळून गेला होता आणि तो विसरता येत नव्हता. शिवाय माझी भाची म्हणाली, "मावशी, ह्या वेळी आपण नीट चौकशी करून जाऊ." आठवडाभर रोज रात्री जेवणानंतर आम्ही दोघी फोन स्पीकरवर टाकून हॅवलॉकच्या केंद्रांशी बोललो. बेटाचं सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्रीविजयपुरम, पण तिकडचे लोकही फोनवर हॅवलॉकच म्हणतात.

प्रत्येकाला तेच तीन प्रश्न. एका प्रशिक्षकाकडे किती माणसं? खाली नेण्याआधी उथळ पाण्यात किती वेळ ठेवता? आणि उथळ पाण्यातच मला जमलं नाही तर पुढे काय? एकाने सांगितलं, दहा मिनिटांत सगळं शिकवतो. दुसरा म्हणाला, पोहता येत नसेल तरी चालतं, आम्ही धरूनच नेतो, तुम्हाला काहीच करायचं नाही. हे ऐकून मी लगेच फोन ठेवला, कारण 'काहीच करायचं नाही' याचा अर्थ मला उजव्या कानाने कळलेला होता. तिसरा म्हणाला, "तुम्ही तयार होईपर्यंत उथळ पाण्यात. नाही झालात तर त्या दिवशी खाली जायचं नाही, दुसऱ्या दिवशी या, जादा पैसे नाहीत." तिथे पैसे भरले.

केंद्र बीच नंबर ३ च्या बाजूचं आहे. नाव लिहीत नाही. प्रशिक्षक तिथे मोसमापुरते असतात, साधारण ऑक्टोबर ते मे, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच केंद्रात दिसतात. माझं जे चांगलं झालं ते एका माणसाच्या शिकवण्याने झालं, आणि तो पुढच्या वर्षी त्याच पाटीखाली सापडेल असं मी कुणाला कबूल करू शकत नाही. वरचे तीन प्रश्न मात्र कुठेही उपयोगी पडतील.

आता मुंबईतली तयारी. केंद्राने आरोग्याचा फॉर्म आधीच पाठवला होता. दमा, हृदय, फिट्स, कानाचं ऑपरेशन, सायनस, गरोदरपण, चालू असलेली औषधं, सगळं त्यात होतं. कृपा करून हा फॉर्म किनाऱ्यावर उभं राहून सगळीकडे 'नाही' लिहीत भरू नका. एका जरी प्रश्नाला 'हो' आलं तर डॉक्टरची सही लागते, आणि ती घरी असताना शांतपणे मिळते. मी ईसीजी काढून घेतला, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून पडदे तपासून घेतले. त्यांनी एकच बजावलं : सर्दी असेल त्या दिवशी उतरायचं नाही, आणि सर्दीची गोळी घेऊनही उतरायचं नाही, कारण गोळीचा असर पाण्याखाली संपला तर वर येताना कान अडकतो.

मी वय वर्षं ५९. केंद्रात गेल्यावर समोरच्या मुलाने माझा फॉर्म ओळीने वाचला. रक्तदाबाच्या गोळीचं नाव विचारलं, सकाळी घेतली का तेही विचारलं. मग नाव वाचून म्हणाला, "काकू, तुमी देवगडच्या मां?" मालवणचा निघाला! तोच माझा प्रशिक्षक, सहा वर्षं अंदमानात. मी लगेच त्याच्यावर प्रश्नांची फैर झाडली. माउथपीस कशात बुडवता? त्याने जंतुनाशकाचं टब दाखवलं आणि शेजारी गोड्या पाण्याचं. काही झालं तर दाबकक्ष (एकदम वर आल्याने त्रास झाला तर उपचाराची हवाबंद खोली) कुठे? पोर्ट ब्लेअरला नौदलाच्या रुग्णालयात. इथे ऑक्सिजन आहे का? आहे, आणि त्याने पेटी उघडून सिलिंडरचा काटा दाखवला. इतकी वर्षं ड्यूटीवर आल्यावर मी पहिला तोच काटा बघत आले, त्यामुळे माझं अर्धं मन तिथेच बसलं.

पाठीवरच्या टाकीला सगळेजण ऑक्सिजनची टाकी म्हणतात, ते चूक आहे. तिच्यात आपण घेतो तीच साधी हवा असते, कोरडी करून दाबून भरलेली, २१ टक्के ऑक्सिजनवाली. सुरुवातीला काटा २०० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास असतो आणि तो ५० ला यायच्या आत आपण पाण्याबाहेर यायचं असतं. जमिनीवर ती टाकी मला उचलवेना. पाण्यात तिचं वजन कळतही नाही.

मंगळसूत्र आणि बांगड्या काढून कप्प्यात ठेवल्या, मनगटावरचा सिद्धिविनायकाचा लाल धागा तेवढा राहू दिला. वेटसूट (पाण्यात घालायचा रबरी पोशाख) चढवायला भाचीची मदत लागली. अंगाबरोबरच हवा असतो, सैल असला तर आत पाणी खेळतं आणि थंडी वाजते. मला पहिला दिला तो गळ्याशी इतका आवळत होता की श्वास कोंडल्यासारखं वाटलं. सांगितल्यावर लगेच बदलून दिला. तुम्हीही सांगा, संकोच करू नका. पाण्यात शिरल्यावर तीच आवळ भीती होऊन बसते.

खुणा त्याने वाळूवरच शिकवल्या. अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला'. अंगठा खाली म्हणजे 'खाली चला'. छान असेल तर अंगठा आणि तर्जनीचं गोल. काही बिनसलं तर पंजा आडवा धरून हलवायचा आणि मग जिथे त्रास आहे तिथे बोट दाखवायचं. घशात नळी असलेल्या पेशंटशी खुणांनी बोलण्यात माझं आयुष्य गेलं आहे. ती माणसं बोलू शकत नसतात आणि त्यांना सगळ्यात जास्त काय हवं असतं तर आपली खूण समोरच्याला कळली याची खात्री. या मुलाने माझी प्रत्येक खूण परत करून दाखवली. मागच्या वेळी हेच झालं नव्हतं.

मग पाणी. कमरेएवढं, कोमट, तळाची वाळू दिसणारं. गुडघ्यांवर बसायचं, तोंडात रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारा भाग), आणि चेहरा पाण्यात घालायचा. पहिल्या वेळी माझा श्वास असा सुटला की मलाच तो मोजता येईना. नाक बंद, तोंडाने श्वास, वर पाणी, हे शरीराला पटतच नाही. मी डोकं वर काढलं. तो काही बोलला नाही. माझ्यासमोर बसला, तळहात सपाट धरला आणि सावकाश खाली नेत राहिला. मग म्हणाला, "काकू, सोडण्याकडे लक्ष द्या. घेणं आपोआप होतं."

२०२० च्या उन्हाळ्यात हेच वाक्य मी माझ्या वॉर्डात किती जणांना सांगितलं असेल. पीपीई किटमधून आवाज पोचायचा नाही म्हणून हाताने असंच खाली खाली करून दाखवायचे. त्यांतले काही घरी गेले, काही नाही गेले. त्या उथळ पाण्यात मला पहिल्यांदा कळलं की मी त्यांच्याकडे किती अवघड गोष्ट मागत होते. माझे डोळे भरून आले, मास्क आतून धुरकटला, आणि त्या मुलाने तो काढून, धुऊन, परत लावून दिला. किती वेळ गेला ते त्याने मोजलं नाही.

तिसऱ्या वेळेला श्वास बसला. मग त्याने रेग्युलेटर तोंडातून काढून परत घालायला शिकवलं. घालताना आधी जोरात फुंकायचं म्हणजे आतलं पाणी बाहेर पडतं, किंवा मधलं बटण दाबायचं. ते जमलं. जमलं नाही ते मास्कमधलं पाणी काढणं. मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची, नजर थोडी वर आणि नाकाने श्वास सोडायचा, पाणी खालून निघून जातं. सांगायला दोन ओळी आहेत. मी चार वेळा नाकाने पाणी आत ओढलं आणि चारही वेळा खोकत उभी राहिले. भाचीचं दुसऱ्या प्रयत्नात झालं. तिची प्रशिक्षक मायाबंदरकडची करेन मुलगी होती. करेन लोकांना इंग्रजांनी १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून अंदमानात आणून वसवलं, हे तिने चहा पिताना सांगितलं. त्या दोघी खाली गेल्या.

मी घड्याळ पाहिलं. ५० मिनिटं झाली होती, ओहोटी लागली होती. तो म्हणाला, "आज नको, काकू. मास्कमध्ये पाणी आलं आणि तुम्हाला काढता नाही आलं तर तुम्ही घाबरून एकदम वर पळाल. ते मला चालणार नाही. उद्या सकाळी या." मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर रागही आला, इतक्या लांब येऊन वाळूवर बसायचं म्हणजे काय. अर्धा तास मी झाडाखाली शहाळं घेऊन समुद्राकडे बघत बसले. रात्री बाथरूमच्या बादलीत मास्क बुडवून, पाण्यासकट चेहऱ्याला लावून सराव केला. मी मागितल्यावर त्याने मास्क लगेच दिला होता.

दुसऱ्या दिवशी २० मिनिटांत दोन वेळा मास्क रिकामा झाला. त्याने हात पुढे केला, "भियाव नकात," म्हणाला, आणि आम्ही निघालो.

या किनाऱ्याला नेमो रीफ म्हणतात. इथे तळ उतरता आहे, चालत चालत पाणी छातीशी, गळ्याशी, मग डोक्यावरून जातं. म्हणूनच मी सुरुवातीला म्हटलं की पहिली डाइव्ह किनाऱ्यावरून करावी. कानावरचा दाब सगळ्यात वेगाने बदलतो तो पहिल्या काही मीटरमध्ये. १० मीटरवर एकूण दाब दुप्पट झालेला असतो, पण त्रास होतो तो तिथे पोचेपर्यंतच्या वाटेवर. उतारावर हात-दोन हात खाली गेलं की थांबून नाक चिमटीत धरायचं आणि हलकेच फुंकायचं. कान 'पुक' करून मोकळा होतो. कळ आल्यावर फुंकण्यात अर्थ नसतो, त्याआधी फुंकायचं. उजवा कान एकदा अडला. मी पंजा हलवला, कानाकडे बोट दाखवलं. त्याने मला एक मीटर वर घेतलं, आम्ही थांबलो, फुंकलं, मोकळा झाला, परत खाली. एवढंच करायचं असतं! तीन वर्षांपूर्वी एवढंच करायला हवं होतं.

खाली मी ७ मीटरपर्यंत गेले. पहिल्यांदा येणाऱ्यांना नियमाने १२ मीटरच्या खाली नेत नाहीत, पण तेवढं जायची काही गरजही नाही, प्रकाश आणि मासे वरच जास्त.

पहिली गोष्ट जाणवते ती आवाज. आपलाच श्वास, आत येताना सळसळ आणि बाहेर जाताना बुडबुडे. आणि त्यामागे एक बारीक कटकट चालू असते. पोपटासारखी चोच असलेले हिरवे-निळे मासे प्रवाळ कुरतडत असतात, त्यातला काही आवाज त्यांचा. कुरतडलेलं प्रवाळ त्यांच्या पोटातून वाळू होऊन बाहेर पडतं. त्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यावर आपण जी वाळू तुडवतो तिच्यात या माशांचा मोठा वाटा आहे. एक मासा माझ्यासमोरच पिंजल्या कापसासारखी वाळू सोडून निघून गेला.

समुद्रफुलांच्या हलत्या बोटांमध्ये नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे छोटे मासे होते, त्यांच्यावरूनच या जागेला नाव पडलं ('नेमो' हा कार्टून सिनेमातला तसलाच मासा). त्या बोटांना विषारी काटे असतात, दुसरा मासा लागला तर संपतो, यांच्या अंगाला चिकट लेप असतो म्हणून ते आत सुखाने राहतात. त्यांचं कुटुंब असं की सगळ्यात मोठी ती मादी, आणि ती गेली की खालचा नर मादी होतो. हे सगळं त्याने वर आल्यावर सांगितलं, खाली पाटीवर फक्त 'मालकीणबाई' असं लिहून बोट दाखवलं होतं.

एका खडकाखाली हेकरू मासा होता. लालबागच्या बाजारात मी तो इतकी वर्षं कोयत्याखालीच पाहिलेला. इथे तो खालचा ओठ पुढे काढून स्थिर उभा होता, कल्ले उघडत मिटत, माझ्याइतक्याच सावकाश. मोठा राक्षसी शिंपला दिसला, त्याचे मखमली ओठ निळे-हिरवे, आमची सावली पडली तसा मिटला. आणि मनगटाकडे लक्ष गेलं तर सिद्धिविनायकाचा लाल धागा तपकिरी झालेला. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. त्याने टॉर्च मारला, धागा झगझगीत लाल! टॉर्च विझवला, परत तपकिरी. हा खेळ मी तीनदा करायला लावला.

एक गोष्ट मात्र बघून वाईट वाटतं आणि ती लपवण्यात अर्थ नाही. बरंचसं प्रवाळ मेलेलं आहे. राखाडी फांद्या, वर शेवाळ. २०१० च्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि अंदमानातलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. पाणी फार तापलं की प्रवाळातले जीव आपल्या आत राहणारं शेवाळ बाहेर टाकतात, तेच त्यांना अन्न देतं आणि त्यानेच त्यांना रंग येतो. मधेमधे नवीन जांभळे कोंभ दिसतात. अशा जागी शेजारच्या एका गटातला माणूस फोटोसाठी प्रवाळावर उभा राहिला, त्याच्या फिन्सखाली (पायांत घालायचे पोहण्याचे पंख) एक फांदी तुटली आणि त्याला कुणी काही म्हटलं नाही. हे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. कायदा नसता तरी ते करायचं नाही. उतरण्याआधी आपल्या प्रशिक्षकाला सांगून ठेवा की तुम्हाला प्रवाळावर टेकवलेला फोटो नको.

३४ मिनिटं खाली होतो, वर येताना काटा ७० वर. श्वास सावकाश झाला की हवा पुरते.

केंद्राच्या उणिवाही लिहिते. बायकांसाठी कपडे बदलायची जागा एकच, कडी ढिली, आत खुंटी नाही. गोड्या पाण्याच्या शॉवरला धार नव्हती. फोटो त्याच संध्याकाळी देतो म्हणाले, ते मुंबईत परतल्यावर आठ दिवसांनी, दोनदा आठवण केल्यावर आले. आणि वेळ भरती-ओहोटीवर ठरते हे पैसे घेताना सांगायला हवं होतं. आम्हाला आदल्या रात्री कळवलं की सकाळी ६ ला या. तिथे जानेवारीत मुंबईपेक्षा सुमारे दीड तास आधी उजाडतं म्हणून निभावलं.

दिवस ठरवताना डाइव्ह शेवटच्या दिवशी ठेवू नका. एकच डाइव्ह केली तर पुढे किमान १२ तास, रोज किंवा एकापेक्षा जास्त केल्या तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुड्यांसारखा सुटतो, सोड्याची बाटली एकदम उघडल्यावर होतं तसं. आम्ही बेटावर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीच पाण्यात उतरलो म्हणून माझ्यासाठी तो जादाचा दिवस हाताशी राहिला. सगळं बसवून आलेल्यांना तो मिळत नाही आणि मग घाई होते. एलिफंट बीचलाही गेलो होतो, गर्दी आणि जेट स्कीचा गोंगाट, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

माझ्या वयाच्या मैत्रिणी विचारतात, आम्ही जावं का? डॉक्टरने हो म्हटलं तर जा, आणि हातात दोन सकाळी ठेवून जा.

पुढचा कोर्स ओपन वॉटरचा, त्यात १८ मीटरपर्यंत उतरता येतं. त्यासाठी मात्र २०० मीटर पोहावं लागतं आणि १० मिनिटं तरंगावं लागतं. फेब्रुवारीपासून दादरला महापालिकेच्या महात्मा गांधी तलावावर बायकांच्या बॅचला जाते. तरंगणं जमलं. पोहताना ५० मीटरची एक लांबी पुरी होते, दुसरीच्या मध्यावर अजून कठडा धरावा लागतो.